पाऊस रेकॉर्ड केला, तर बहीण म्हणाली "काय तळतेयस?"

कानगोष्टी

परवा रात्री पाऊस असा कोसळायला लागला की मला उगीचच कवयित्री झाल्यासारखं वाटलं. कविता काही जमत नाही, म्हणून फोन खिडकीबाहेर धरून चार मिनिटं नुसता आवाज टिपला. हात कोपरापर्यंत भिजला. मग वर एक अक्षरही न लिहिता तो आवाज बहिणीला पाठवून दिला. तिचं उत्तर आलं, "एवढ्या रात्री काय तळतेयस?"

मी परत ऐकला. तळणच. कढईत काहीतरी सोडलंय आणि ते चुरचुरतंय, बाकी काही नाही. आईला ऐकवला तर ती म्हणाली, "टीव्हीला मुंग्या आल्यात का?"

आता यात दोघींची चूक नाही. पावसात जाड, बारीक, सगळ्या पट्ट्यांतले आवाज एकदम चाललेले असतात, कुणाचाच स्वर वेगळा निघत नाही. तळणातही तेच आणि टीव्हीच्या मुंग्यांतही तेच. खिडकीत उभं राहिलं की तो चारही बाजूंनी येतो, पत्र्यावर वेगळा, पानांवर वेगळा, शिवाय गारवा असतो, वास असतो. फोनच्या टाचणीएवढ्या भोकातून यातलं फक्त 'चर्र' आत शिरतं.

तेव्हापासून मी कान टवकारून बसले आहे आणि सिनेमा बघणं अवघड झालंय. तलवार म्यानातून निघाली की 'शिंऽऽग'. म्यान असतं लाकडाचं नाहीतर चामड्याचं, त्यातून शिंग कुठून येणार? घरी सुरी चामडी पाकिटातून काढून बघितली. 'सुर्र' एवढंच झालं, तेही कान लावून. वीज चमकली की त्याच क्षणी कडकडाट. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरवर वीज पडली तरी कडकडाट पोचायला तीन सेकंद हवेत. त्या हिशोबाने सिनेमातली प्रत्येक वीज थेट नायिकेच्या डोक्यावर पडते, आणि ती बया नुसती दचकून नायकाला बिलगते!

बरं, सिनेमाचं सोडा. माझा फोन फोटो काढताना 'खचॅक' करतो. आत ना पडदा उघडतो ना मिटतो. कशाचं खचॅक?

तुम्हाला कुठल्या आवाजांनी फसवलंय ते लिहा. एकटीने वेडं व्हायचा कंटाळा आलाय.

मौनीबाबा

काय तळलं होतं पण?

रीळमास्तर

कानगोष्टीताई, दुखती नस दाबलीत. कॉलेजात असताना नाटकांना आवाज द्यायचं काम माझ्याकडे असायचं. पावसासाठी पसरट ताटात वाळलेले वाटाणे घेऊन ते हळूहळू फिरवायचे. जोराचा पाऊस हवा असेल तर ताट थोडं तिरपं. गडगडाटाला पत्रा. मोठा पत्रा एका कडेने टांगायचा आणि खालची कड धरून हलवायचा. एकदा ऐन मरणाच्या प्रसंगात तो पत्राच निखळून माझ्या पायावर पडला. प्रेक्षकांनी त्या गडगडाटाला टाळ्या दिल्या. पुढची किंकाळी माझी होती, तीही त्यांनी नाटकातलीच धरली.

खरा आवाज पडद्यावर खरा वाटत नाही, हे या धंद्यातल्या लोकांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. १९२९ च्या सुमारास बोलपट नवे होते, तेव्हा युनिव्हर्सल स्टुडिओत जॅक फोली नावाचा माणूस पडद्याकडे बघत बघत पावलांचे, कपड्यांचे, दारांचे आवाज हाताने काढायचा. आजही या कामाला फोली म्हणतात, माणसाचं आडनावच धंद्याचं नाव झालं. बर्फात चालण्याचा आवाज हवा असेल तर चामड्याच्या पिशवीत कॉर्नस्टार्च भरून ती दाबतात. हाड मोडायचं असेल तर सेलरी नावाच्या भाजीच्या कुरकुरीत देठांची जुडी पिळतात. आणि पाऊस हवा असेल तर, तुमच्या बहिणीला सांगा, खरोखरच काहीतरी तळतात.

शंकासुर

घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या वाजवतात, हे प्रकरण ऐकून आहे. पण मला एक सांगा, खऱ्या टापा रेकॉर्ड करायला काय धाड भरली आहे? घोडा आहे, माइक आहे.

रीळमास्तर

@शंकासुर, घोडा मातीवर धावला की 'धप् धप्' होतं, पोतं टाकल्यासारखं. त्यात त्याचा श्वास, खोगिराची करकर आणि मागे कुणीतरी खोकतोय. 'टपाक् टपाक्' ऐकायची सवय आपल्याला नारळाच्या करवंट्यांनी लावली. आता खरा घोडा आणला तर लोक म्हणतील, आवाज नीट जमला नाही.

शंकासुर

म्हणजे चूक घोड्याची. ठीक आहे.

उंटावरचा_शहाणा

झकास विषय. प्राण्यांवर तर फारच अन्याय झालाय. अमेरिकेचा तो पांढऱ्या डोक्याचा गरुड, पडद्यावर आला की कशी काळीज चिरणारी आरोळी ठोकतो! ती आरोळी त्याची नसतेच. ती रेड-टेल्ड हॉक नावाच्या दुसऱ्याच शिकारी पक्ष्याची असते. गरुडाचा स्वतःचा आवाज म्हणजे नुसती किचकिच, एवढ्या मोठ्या देहाला न शोभणारी. म्हणजे त्या बिचाऱ्याला स्वतःच्याच भूमिकेसाठी डबिंग आर्टिस्ट लागतो.

इंग्रजी बोलपटांतला बेडूक कुठल्याही खंडात असो, 'रिबिट रिबिट' करतो. असं ओरडणारा बेडूक मुळात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. हॉलिवूडवाल्यांना स्टुडिओच्या बाहेर तोच सापडला, त्यामुळे जगभरच्या तळ्यांत तोच. मराठीतले बेडूक अजून 'डराँव डराँव'वर ठाम आहेत, याचा अभिमान वाटतो.

आता सगळ्यात भारी. १९९३ च्या 'ज्युरासिक पार्क'मधले ते चपळ, हिंस्र रॅप्टर डायनासोर आठवतात? स्वयंपाकघरात मुलांना शोधत हिंडतात ते. त्यांच्या आवाजात कासवांच्या प्रणयाचा आवाज मिसळलाय. ध्वनिसंयोजक गॅरी रायडस्ट्रॉमनेच हे सांगितलंय. लहानपणी मी ते ऐकून पांघरुणात शिरायचो. पलीकडे दोन कासवं आपल्या आनंदात होती.

मिस_धांदल

हसून हसून पुरेवाट! कासवांचं वाचून ऑफिसात हसले, आता सगळे बघतायत.

अवांतरकर

आवाजाचा विषय चाललाय म्हणून थोडं अवांतर. मला छळतात ते मालिकांमधले रिकामे कप. कागदी कप हातात घेऊन माणूस असा हातवारे करतो की आत कॉफी असती तर समोरच्याला पोळलं असतं. वर तो 'पितो' आणि 'आऽह' करतो.

रीळमास्तर

@अवांतरकर, अवांतर कसलं, हे तर मुद्द्याचंच. संवाद चालू असताना सेटवर दुसरा कुठलाच आवाज नको असतो, म्हणून वस्तू मुक्या करून ठेवतात. कागदी पिशवी कुरकुर करते, म्हणून कागदासारख्या दिसणाऱ्या मऊ कापडासारख्या मालाची पिशवी देतात. ग्लासातले बर्फाचे खडे सिलिकॉनचे असतात. बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगवलेले रबरी चेंडू असतात. आणि मग हे सगळे आवाज नंतर कुणीतरी बसून वेगळे काढतो नि परत चिकटवतो. घरातली भांडी आधी गुंडाळून ठेवायची आणि मग वाजवायला माणूस नेमायचा, असा कारभार.

टिटवी

माझी एक अडचण आहे, विषयाला धरूनच आहे असं समजून लिहिते.

गेले चार दिवस आमच्या घरात कुठेतरी 'टीक्' असं वाजतंय. साधारण चाळीस सेकंदांनी एकदा. दिवसा गोंगाटात कळत नाही, रात्री दिवे मालवले की सुरू. फ्रिज बंद करून पाहिला. मायक्रोवेव्हची वायर काढली. राउटर काढला तर मुलगा ओरडला, पण टीक् चालूच. भिंतीवरचं घड्याळ उतरवून टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलं. टीक्.

नवऱ्याला विचारलं, तर "मला काही ऐकू येत नाहीये." मुलाला मात्र येतं.

मौनीबाबा

पाल चुकचुकत असेल.

टिटवी

चाळीस सेकंद मोजून पाल चुकचुकत असेल तर तिला नोकरी द्यायला हवी.

उंटावरचा_शहाणा

टिटवी, उत्तर तुमच्याच प्रतिसादात आहे. वय वाढतं तसे वरच्या पट्टीतले आवाज आधी ऐकू येईनासे होतात. याच गोष्टीवर ब्रिटनमधल्या हॉवर्ड स्टेपलटनने 'मॉस्किटो' नावाचं यंत्र काढलं. ते फक्त पोराटोरांना ऐकू येईल अशी किणकिण करतं, दुकानाबाहेर टोळकी जमू नयेत म्हणून. पोरांनी काय करावं? तोच आवाज फोनची रिंगटोन म्हणून घेतला, वर्गात वाजला तरी शिक्षकांना पत्ता नाही. २००६ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला देतात ते गमतीचं नोबेल, मिळालंय त्याला. तुमच्या यजमानांचे कान आता त्या वयात आलेत, एवढंच.

टिटवी

यजमान माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान आहेत.

उंटावरचा_शहाणा

माघार.

कानगोष्टी

टिटवी, फोनवर रेकॉर्ड करून ठेव असं सांगणार होते, पण त्यात तळणच ऐकू येईल.

बाकी सगळ्यांचे प्रतिसाद वाचतेय, खूप मजा येतेय. कासवांमुळे माझं बालपण परत लिहावं लागणार.

फोनवरून आठवलं. पूर्वी फोन 'खणाणायचा'. कादंबऱ्यांत अजूनही खणाणतो, नाहीतर घणघणतो. खिशातला फोन खणाणतो का कधी? माझा तर 'गुर्रर्र' करून टेबलावर सरकत जातो, खेकड्यासारखा. त्याला मराठीत क्रियापद काढायला हवं. आणि समोरच्याने फोन 'आपटला' हे तर आता शक्यच नाही. रागाने काचेवर बोट टेकवायचं, यात काय समाधान? भांडणाचा शेवट गेला.

शंकासुर

नोकियाची ती प्रसिद्ध धून फ्रान्सिस्को तारेगा नावाच्या स्पॅनिश गिटारवादकाच्या १९०२ च्या 'ग्रान वाल्स'मधली आहे. हे मला माहीत होतं. पण एसएमएस आल्यावर जो 'टिटिटि टी-टी टिटिटि' वाजायचा, तो मॉर्स कोडमध्ये, म्हणजे तारेच्या टिंब-रेघांच्या लिपीत, अक्षरशः 'एसएमएस' असा होता, हे परवा कळलं. इतकी वर्षं तो फोन मला स्पष्ट शब्दांत सांगत होता, आणि मी 'काय कटकट आहे' म्हणत होतो.

मिस_धांदल

फोनचं निघालंच आहे तर. पलीकडचा माणूस गप्प झाला की लाइनवर जी बारीक सळसळ येते ना, ती त्याच्या घरातली असेलच असं नाही. फोन ती मुद्दाम तयार करतो. डिजिटल लाइनवर कुणी बोलत नसलं की आवाज पाठवणं थांबतं आणि इकडे ठार शांतता होते. मग माणसं "हॅलो? हॅलो? गेला वाटतं" करून फोन ठेवतात. म्हणून आपलाच फोन थोडी खोटी सळसळ भरतो. मी या कामात होते म्हणून माहीत आहे, आम्ही त्याला 'कम्फर्ट नॉइज' म्हणायचो.

एका माणसाशी मी दीड वर्ष तासन्‌तास फोनवर बोलत होते. म्हणजे मी बोलायचे. तो ऐकून घेतो, किती शांतपणे श्वास घेतो, असं वाटायचं. बहुतेक कम्फर्ट नॉइजच्या प्रेमात होते.

अवांतरकर

+१. मिस धांदल, यावर वेगळं लिहाच.

कानगोष्टी

अगं देवा. मिस धांदल, हसू की रडू?

रीळमास्तर

विजेवरच्या गाड्यांचंही हेच. आधी बिनआवाजाची गाडी केली म्हणून कौतुक, मग लक्षात आलं की रस्ता ओलांडणाऱ्याला ती येतेय हे कळतच नाही, विशेषतः अंध माणसांना. आता युरोपात नियम आहे, ताशी २० किलोमीटरच्या आत गाडीने आवाज केलाच पाहिजे. मग तो आवाज कसा हवा यावर संगीतकार बसवतात. दार लावल्यावरचा 'धप्' भरीव वाटावा म्हणूनही माणसं राबतात. फोनच्या खचॅकचंही असंच कारण आहे, कानगोष्टीताई. जपान आणि दक्षिण कोरियात विकलेल्या फोनमध्ये तो सहसा बंदच करता येत नाही, कुणी चोरून फोटो काढू नये म्हणून.

शंकासुर

मालिकांतल्या हशाबद्दल कुणीच कसं बोललं नाही? चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने १९५० च्या दशकात हशाची पेटीच केली होती. नाना तऱ्हेचं हसू टेपवर भरलेलं, कळ दाबली की खसखस, दुसरी दाबली की खदाखदा, पेडल दाबून कमीजास्त. पेटीला कुलूप असायचं, आतलं यंत्र तो कुणाला दाखवत नसे. तेच हसू वर्षानुवर्षं वापरलं गेलं. म्हणजे ज्या विनोदावर लोक हसतायत तो लिहिला जाण्याआधीच ते हसून मोकळे झाले होते, आणि त्यातले बरेच आता हयातही नसतील. आमच्या ऑफिसात साहेबांच्या विनोदावर जे हसू येतं ते याच जातीचं असावं. आधी भरून ठेवलेलं.

मिस_धांदल

आणि ती एक किंकाळी! विल्हेल्म स्क्रीम! १९५१ च्या 'डिस्टंट ड्रम्स'मध्ये एकाला पाण्यात मगर ओढते, त्याच्यासाठी टिपलेली. पुढे ध्वनिसंयोजक बेन बर्टने 'स्टार वॉर्स'मध्ये वापरली आणि मग ध्वनिवाल्यांचा खेळच झाला, शेकडो सिनेमांत तोच माणूस तसाच ओरडत कड्यावरून पडतोय. एकदा ओळखता यायला लागली की संपलं. गंभीर युद्धपट चालू, शेजारी लोक डोळे पुसतायत, आणि मी फिस्सकन हसते.

अवांतरकर

मला सगळ्यात खोटा वाटणारा आवाज माझा स्वतःचा. रेकॉर्डिंगवर ऐकला की वाटतं हा कोण नाकात बोलणारा कारकून. नक्की मायक्रोफोनचा दोष असणार.

रीळमास्तर

@अवांतरकर, वाईट बातमी आहे. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडं खर्ज वाढवून देतात. रेकॉर्डिंगमध्ये हाडं नाहीत. म्हणजे तो भारदस्त आवाज जगात फक्त तुम्हीच ऐकलाय. बाकी सगळ्यांनी कायम कारकूनच ऐकला.

अवांतरकर

मी लग्नात भाषण केलं होतं हो.

मौनीबाबा

आम्ही होतो.

टिटवी

सहावी रात्र. दिवसभर कामात डुलक्या. आता मी खोलीखोलीतून अनवाणी फिरते. ज्या खोलीत जाते त्याच्या शेजारच्या खोलीत वाजतं. मुलगा म्हणतो, स्वयंपाकघर. मला वाटतं, बाथरूम. नवरा म्हणतो, "तुझ्या डोक्यात वाजतंय." रीळमास्तर, हे काय आहे?

रीळमास्तर

भूत नाही, एवढं नक्की. आवाज कुठून आला हे आपण दोन गोष्टींवरून ठरवतो. जाड आवाज असेल तर तो एका कानाला क्षणभर आधी पोचतो, त्यावरून. बारीक असेल तर डोक्याची सावली पडून एका कानाला कमी ऐकू येतो, त्यावरून. मधल्या पट्टीत, दोन-तीन हजार हर्ट्‌झच्या आसपास, दोन्ही युक्त्या लंगड्या पडतात. यंत्रांचे 'टीक्' आणि 'बीप' बरेचदा नेमके तिथेच असतात. त्यातून आवाज इतका तुटक की मान वळवेपर्यंत संपलेला, आणि भिंतींवरून परतलेला वेगळाच.

असं करा. घरातल्या प्रत्येकाला एकेका खोलीत उभं करा, दारं लावून घ्या. ज्याला सगळ्यात मोठा ऐकू येईल त्याने ओरडायचं. मग त्या खोलीत जाऊन वर बघा. माणसं खाली शोधत बसतात, वर कुणी बघत नाही. बॅटरी संपत आलेली कुठलीही वस्तू चालेल, खेळणं, गजर, गाणारं शुभेच्छापत्र.

उंटावरचा_शहाणा

धाग्याची रहस्यकथा झाली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मौनीबाबा

पॉपकॉर्न सावकाश खा, टीक् ऐकू यायला हवं.

टिटवी

सापडलं!!

रीळमास्तर, तुमच्या चरणांचा फोटो पाठवा. मुलगा पॅसेजमधून ओरडला. वर बघितलं, माळा. शिडी लावून चढले. सूटकेस, जुनी गादी, त्याच्या मागे एक खोका, आणि खोक्यातून टीक्. धुराचा अलार्म! दोन वर्षांपूर्वी नवऱ्याने हौसेने आणला होता. चालतो का बघायला बॅटरी घातली, खूश झाला, "रविवारी लावतो" म्हणाला आणि बॅटरीसकट माळ्यावर ठेवून दिला. दोन वर्षं तो त्या गादीवर इमानेइतबारे पहारा देत होता. आता बॅटरी संपत आली म्हणून बिचारा कळवत होता.

खरी गंमत पुढे. खोका घेऊन खाली उतरले तर नवऱ्याचा चेहरा उतरलेला. खोदून विचारलं. त्याला पहिल्या रात्रीपासून ऐकू येत होतं! कशाचं आहे तेही दुसऱ्या दिवशी कळलं होतं. "ऐकू येतंय म्हटलं असतं तर माळ्यावर मलाच चढवलं असतंस ना." आता तो अलार्म त्याने स्वतः, शिडीवर चढून, छताला लावलाय. रविवार नसताना.

कानगोष्टी

टिटवी!!! साष्टांग दंडवत. त्या अलार्मला माझ्यातर्फे नवी बॅटरी.

माझीही एक कबुली. काल पुन्हा पाऊस आला. मी झोपताना फोनवर पावसाचं ॲप लावते, मंद, एकसारखा, मधूनच लांबचा गडगडाट. बाहेरचा खरा पाऊस त्यात व्यत्यय आणत होता, म्हणून उठून खिडकी लावून घेतली.

टिटवी

ताई, हसू नका. अलार्म गप्प होऊन आज दुसरी रात्र. घरात चिटपाखरू नाही. नवरा घोरत नाही, फ्रिजसुद्धा शहाण्यासारखा वागतोय. आणि मी पहाटे तीन वाजता छताकडे बघत चाळीसपर्यंत आकडे मोजतेय. त्या आवाजाचं कुणाकडे रेकॉर्डिंग असेल तर द्या हो.

मौनीबाबा

टीक्.